पहिला नग

वृषालीच्या दुसऱ्या वेणीला रिबीन बांधून झाली तेव्हा साडेसात वाजले होते. आठच्या आत कारखान्यात पोचायचं तर आता निघायलाच हवं होतं. पण एक वेणी वर, एक खाली झाली होती, आणि पोरीला तशी शाळेत पाठवायचं जयमालाच्या जिवावर आलं. तिनं रिबीन सोडली, पुन्हा बांधली.

स्टोव्हपाशी चहा गाळत बसलेल्या साळूबाई म्हणाल्या, "जा की गं आता. वेनीत काय लॉट पास करायचाय का तुला?"

जयमाला हसली. सासूच्या तोंडून असं काही निघालं की दिवस बरा जातो, असा तिचा आपला समज होता. ते हसू दारापर्यंत टिकलं. दाराबाहेर शेजारचा भाडेकरू स्कूटर काढत होता. जयमाला दिसताच तो काही विसरल्यासारखा आत वळला. रोज काहीतरी विसरायचा तो. मध्यंतरी तिनं पाच मिनिटं आधी निघून पाहिलं, पाच मिनिटं उशिरा निघून पाहिलं. तो आपला तेवढ्यात विसरायचाच. सकाळी कामाला निघताना विधवेचं तोंड बघू नये, एवढंच त्याच्या मनात असे. माणूस वाईट नव्हता. जयमालाचा नवरा जालिंदर गेला त्या दिवशी दवाखान्यात रिक्षा करून तोच धावला होता.

नागापूरच्या एमआयडीसीत, मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, काकासाहेबांची पत्र्याची शेड होती. बारा बाया आणि चार गडी. तिथं अंगठ्याएवढं एक यंत्र बनायचं. त्याला सगळे सेन्सर म्हणत, आणि बऱ्याच जणींना त्याचा नेमका उपयोग ठाऊक नव्हता. जयमालाला होता. विमान उतरायला लागलं की त्याच्या पंखाच्या मागच्या कडेची फळी खाली सरकते. डावीकडची आणि उजवीकडची, दोन्ही सारख्या सरकल्या की नाहीत, हे पुढं बसलेल्या पायलटला दिसत नाही. ते त्याला हे अंगठ्याएवढं यंत्र सांगतं. त्यानं खोटं सांगितलं तर एक पंख खाली आणि एक वर, आणि पायलट आपला निर्धास्त.

पुण्याच्या कंपनीचे साहेब तीन वर्षांपूर्वी येऊन हे समजावून गेले होते. तेव्हा बाकीच्या बाया चहाची वाट बघत होत्या आणि जयमालानं विचारलं होतं, "मंग साहेब, एका इमानात मान्सं किती बसत्यात?" साहेबांनी आकडा सांगितला. त्या दिवसापासून तपासणीचं टेबल तिच्याकडं आलं. पुण्याला तिच्या नावाची नोंद झाली. तिच्या सहीशिवाय खोकं बंद होत नसे.

तपासणी म्हणजे सोपी गोष्ट होती आणि कंटाळवाणी. नग एक तास बर्फाहून थंड पेटीत ठेवायचा, एक तास गरम पेटीत, मग यंत्रावर थरथरू द्यायचा, आणि शेवटी त्याच्यासमोर लोखंडी पट्टी धरून मीटरचा काटा बघायचा. चाळीस नगांचा एक लॉट. चाळीसही नगांना ती असंच करी. एकोणचाळीस, म्हणायला हवं.

झालं होतं असं. दीड वर्षामागं जालिंदरला मनमाड रोडवर टेम्पोनं उडवलं. महिन्यानं जयमाला कामावर आली. तिनं पहिलाच तपासलेला लॉट पुण्याहून परत आला. तारेची जात बदलली होती, चूक तार पुरवणाऱ्याची होती, तसं पत्रही आलं. पण पत्र यायच्या आधीच रतनबाईंनी काकासाहेबांच्या कानावर घातलं होतं.

रतनबाई शेडमधल्या सगळ्यांत जुन्या. सगळ्या त्यांना मामी म्हणत. "काकासाहेब, म्या काय तिला वंगाळ बोलत न्हाई. पोर गुनाची हाय. पन पयला नग सवाष्नीच्या हातचा असावा. एवढं पाळा."

काकासाहेब शिकलेले, पण कर्ज काढून शेड उभारलेले. त्यांनी पाळलं.

तेव्हापासून नव्या लॉटचा पहिला नग झाकण न लावता ताटात यायचा. रतनबाई ओली हळद त्याच्या उघड्या तोंडाला लावायच्या, वर कुंकू, वर अक्षता. मग झाकण त्याच बसवायच्या, लाल फडक्यात गुंडाळून नग देवाच्या फळीवर ठेवायच्या. बाकीचे एकोणचाळीस तपासून झाले की फळीवरचा तो नग खोक्यात सगळ्यांत वर जाई. जयमालानं त्याला हात लावायचा नाही. मात्र रजिस्टरात पहिल्या ओळीत, त्या नगासमोर, 'ठीक' लिहून सही करायची. कारण पुण्याला नाव तिचं होतं.

हात लावायचा नाही, सही मात्र करायची. असे चौदा लॉट गेले.

पहिल्या वेळी तिचा पेन अडखळला होता. "मामी, निदान मीटरला तरी लावून बघते. फडक्यातनं धरते."

"देवाचा नग हाय तो. देव बघंल त्याच्याकडं."

काकासाहेब काचेच्या केबिनमधून बघत होते. तिनं सही केली. दुसऱ्या वेळी पेन कमी अडखळला. पाचव्या-सहाव्या वेळी अडखळलाच नाही, आणि त्याचीच तिला पुढं सगळ्यांत जास्त लाज वाटली.

त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी काकासाहेबांनी सगळ्यांना केबिनपाशी बोलावलं. पुण्याचा फोन होता. एका विमानात आपल्या सेन्सरनं चुकीचं सांगितलं. पायलट जुना, त्यानं सांभाळून घेतलं, कुणाला काही झालं नाही. पण विमानखात्यानं हुकूम काढला होता, सक्तीची तपासणी. उद्या साहेब येणार, सगळी रजिस्टरं बघणार.

"झाडून घ्या सगळं," काकासाहेब म्हणाले. "आनि विचारल्याशिवाय कुनी बोलायचं न्हाई."

बाया घोळक्यानं जेवायला बसल्या. जयमाला तिच्या टेबलापाशीच डबा उघडी. कुणी उठवलं नव्हतं तिला त्या घोळक्यातून. मार्गशीर्षात, संक्रांतीत, नवरात्रात बोलणं नेमकं तिच्यापाशी येऊन थांबायचं, आणि पुन्हा सुरू करायला सगळ्यांना अवघड जायचं. त्यांची अडचण नको म्हणून ती आपली टेबलापाशी. त्या दिवशी तिनं डबा तसाच मिटला. त्या चौदा नगांचे नंबर डोळ्यांपुढून हलत नव्हते.

संध्याकाळी घरी वृषालीचा वाढदिवस होता. सहा संपून सातवं लागलं. जयमालानं येताना केळी आणि क्रीमची बिस्किटं आणली. साळूबाईंनी शिरा केला होता. पोर नवा फ्रॉक घालून पाटावर बसली, आणि औक्षणाला समोरच्या खोलीतल्या वहिनींना बोलावलं गेलं. जयमाला भिंतीला टेकून उभी राहिली. दिव्याचा उजेड पोरीच्या गालावर हलत होता. हनुवटीपाशी कुंकवाचा एक कण पडला होता, तो टिपावा म्हणून तिनं नकळत हात पुढं केला.

"जरा दम धर," साळूबाई हळूच म्हणाल्या. "ओवाळून होऊ दे. तू मागनं."

साळूबाई स्वतः तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. सुनेला बोलताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. जे त्यांना सांगितलं गेलं, तेच त्या पुढं सांगत होत्या, तेवढ्याच मऊ आवाजात.

वहिनी शिरा खाऊन गेल्या. वृषाली आईच्या मांडीत येऊन बसली, फ्रॉकच्या लेसशी खेळत राहिली. मग तिनं विचारलं, "मम्मी, तुझा हात लागला तर मी आजारी पडंन का?"

"कोन म्हनलं असं?"

"कोनीच न्हाई. मीच इचारते."

जयमालानं सासूकडं पाहिलं. साळूबाई ताटातली अक्षता एकेक वेचून वाटीत टाकत होत्या. त्यांची बोटं थांबली, पण मान वर आली नाही.

"न्हाई पडनार," जयमाला म्हणाली. पोरीची हनुवटी तिनं तळहातात धरली आणि तो कुंकवाचा कण अंगठ्यानं पुसला. "हात लावूनच तर कळतं, काय दुखतंय का ते."

पोरीला ते पटलं. आईला मात्र त्या वाक्यानं झोप लागू दिली नाही. ती बोलून गेली होती पोरीसाठी, आणि वाक्य जाऊन बसलं होतं विमानांच्या पंखांमध्ये.

गुरुवारी बाया गजरे माळून आल्या. मार्गशीर्षातला गुरुवार, सगळ्यांचे उपास. अकरा वाजता पुण्याहून साहेब आले, या वेळी नवे, सम्राट साळवे, तिशी ओलांडलेले, काळी बॅग, साधा शर्ट. चहा घेतला, पण खुर्चीवर टेकले नाहीत. आल्याआल्या त्यांनी टेबलावर एक रंगीत फोटो ठेवला.

"हा तो सेन्सर. विमान परदेशात दुरुस्तीला गेलं, तिथं उघडला. आत ओल होती. वर थंडीत ती गोठली, आतली तार तुटली. आणि हा बघा, पिवळा डाग. त्यांच्या लॅबला ओळखू आला नाही. वनस्पतीचं काहीतरी आहे, एवढंच लिहिलंय. तुमच्याकडं कुठलं रसायन पिवळं आहे?"

फोटो हातोहात फिरला. बारा बायांनी तो पाहिला. ज्या रंगानं त्यांची रोजची बोटं पिवळी होत होती, तो रंग बाराही जणींनी ओळखला. रतनबाईंनी आपला उजवा हात पदराखाली घेतला.

काकासाहेब म्हणाले, "फ्लक्स असंल, साहेब. तारंला डाग देऊन जोडताना वापरतात तो. त्या महिन्यात आमी नवीन आणला होता."

"म्हणजे फक्त त्या लॉटपुरता?"

"व्हय. फक्त त्या लॉटपुरता."

साळवे साहेबांनी लिहून घेतलं. "बरं झालं. मग त्या एका लॉटचे बाकीचे एकोणचाळीस उतरवून तपासू. इतर लॉट आहेत तिथं राहू देत. विमानं अडवून ठेवायला नकोत." मग रजिस्टर उघडून म्हणाले, "तपासणीस जयमालाबाई कोण? इथं खाली सही करा. सर्व नग मी स्वतः तपासले आहेत, असं आहे."

जयमाला पुढं आली. कागदावरची ओळ तिनं वाचली, पुन्हा वाचली. आत्ता सही केली की साहेब निघून जातील. गुरुवार गुरुवारसारखा पार पडेल, संध्याकाळी बाया घरी जाऊन घट मांडतील. आणि तेरा पंखांत तेरा नग आपल्या ओल्या पोटानिशी वर जातील, खाली येतील.

"साहेब, एक लॉट न्हाई," ती म्हणाली. "चौदा हायेत. परत्येक लॉटचा पयला नग. तुमचा उघडलेला सोडून तेरा."

"जयमाला," काकासाहेब म्हणाले.

"तो डाग हळदीचा हाय, साहेब. ओल्या हळदीचा. पयल्या नगाची पूजा हुती आनि तो तसाच जातो. तपासत न्हाईत. म्या न तपासता 'ठीक' लिवलंय. चौदा वेळा. ही माझीच सही हाय."

साळवे साहेबांनी रजिस्टराची पानं मागं चाळली, प्रत्येक लॉटच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवत गेले. तेवढ्यात काकासाहेब केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तुला म्या पोरीसारखं ठिवलं," ते म्हणाले. रागानं नाही, खरोखर दुखावून. "जालिंदर गेल्यावर तुझ्या मान्सांनी तुला माहेरी देवळालीला न्यायची म्हनलं, म्या म्हनलं, र्‍हाऊ द्या, काम हाय तिला हितं."

"ठिवलं, काकासाहेब. म्हनूनच दीड वर्ष बोलले न्हाई."

साहेबांनी आधी फोन मागितला. पुण्याला तेरा नंबर सांगितले, एकेक आकडा दोनदा. त्या नगांची विमानं तपासून झाल्याशिवाय उडणार नाहीत, असं पलीकडून कबूल करून घेतलं. मग बसले आणि एक कोरा कागद जयमालापुढं सरकवला.

"तुमचा जबाब. काय झालं ते लिहा. कारण या रकान्यात 'कामाच्या पद्धतीतली चूक' असं लिहा, तेवढं पुरे. तुमच्यावरचा दोषही कमी होईल."

ती उभ्यानंच लिहू लागली. सावकाश, शाळेत शिकवलेल्या गोल अक्षरांत. लिहून झाल्यावर साहेबांनी कागद फिरवून वाचला.

'मी विधवा असल्यामुळे पहिल्या नगाला मला हात लावू देत नव्हते. मी ते मान्य केले व न तपासता सही केली.'

"जयमालाबाई, हे तांत्रिक कारण नाही. हे वर जाणार, इंग्रजीत होणार, मोठ्या माणसांसमोर ठेवलं जाणार. हसतील लोक."

"हसू द्या."

"पहिलं वाक्य काढलं तरी चालेल. चूक कळतेच आहे त्याच्याशिवाय."

"चूक कळंल, साहेब. कशानं झाली ते कळनार न्हाई. तुमी लिवाल, हळद लावू नका. हितं हळद बंद हुईल. मंग दुसऱ्या शेडमदी कुनी नारळाचं पानी शिंपडंल आनि दुसऱ्या एखादीला म्हनंल, तू लांब र्‍हा. तुमी तिथंबी फोटो घिऊन जाल." एवढं सलग ती वर्षभरात कुणाशी बोलली नव्हती. "मला काडायचं तर काडा. वाक्य काडू नका."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"माझं गाव जामखेडकडं," ते म्हणाले, आणि त्यांची बोली एकदम बदलली. "आमच्या शाळेत पान्याचा रांजन हुता. आमच्या वस्तीतल्या पोरांनी त्याला शिवायचं न्हाई, वरनं ओंजळीत वतायचे. एका उन्हाळ्यात वतनारा आला न्हाई, आमच्यातलं एक पोरगं भोवळ येऊन पडलं. मास्तरांनी वहीत लिवलं, ऊन लागलं." त्यांनी कागदाची घडी घातली. "र्‍हाऊ द्या तुमचं वाक्य. इंग्रजी मी स्वतः करतो. एक शब्द कमी हुनार न्हाई."

साहेबांची जीप गेली. सुट्टी झाली तशा बाया घोळक्यानं निघाल्या. जयमाला मागं. रस्त्याच्या वळणावर रतनबाई घोळक्यातून थांबल्या, ती जवळ येईपर्यंत.

"माझं नाव घातलंस का गं त्यात?"

"न्हाई, मामी. माझंच घातलं."

रतनबाई झपाझप चालत पुढच्या बायांना गाठायला गेल्या.

त्या संध्याकाळी कुठकुठल्या शहरांत विमानं थांबली असतील. माणसं घड्याळं बघत वैतागली असतील. कुणाचं लग्न, कुणाची सभा, कुणाचं लेकरू वाट बघत असेल. उशीर का, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी नागापूरच्या एका पत्र्याच्या शेडमधली एक बाई त्यांच्या डोळ्यांपुढं आली नसती.

शेड आठ दिवस बंद राहिली. हुकूमच तसा होता. त्या आठ दिवसांत जयमालाच्या दारात कुणी आलं नाही. किराणावाल्यानं सामान दिलं, पण बोलला नाही. पोरांची पोटं शेडवर चालणारी सगळी घरं तिच्या एका कागदानं टांगली गेली होती, आणि ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. साळूबाई दिवसभर काहीतरी निवडत बसायच्या. सहाव्या दिवशी, गव्हातला खडा शोधता शोधता, त्या म्हणाल्या, "आमच्या धाकलीच्या लग्नात मला माळवदावर बशिवलं हुतं. वरनं बघितलं म्या लगीन." तेवढंच. दोघी मग गहू निवडत राहिल्या.

तेरापैकी चार नगांत ओल सापडली. तो निरोप आठव्या दिवशी पुण्याहून आला, आणि त्यासोबत परवानगी. काम सुरू करा. प्रत्येक नग तपासूनच पाठवा. तपासणीस जयमालाबाईच राहतील. त्यांच्या सहीखेरीज माल घेतला जाणार नाही.

नवव्या दिवशी ती शेडमध्ये शिरली तेव्हा सगळ्या आपापल्या जागी बसलेल्या होत्या. कुणी वर बघितलं नाही. तिच्या टेबलावर धूळ होती, ती तिनं पुसली. थंड पेटी सुरू केली. मीटरचा काटा शून्यावर आणला.

नव्या लॉटचा पहिला नग काकासाहेब स्वतः घेऊन आले. ताटात हळद नव्हती, कुंकू नव्हतं. स्वच्छ पांढऱ्या कागदावर, झाकण लावलेला नग. आठ दिवसांत ते वाळल्यासारखे झाले होते. तिच्या टेबलापाशी येऊन त्यांनी ताट पुढं केलं, मग मधेच विचार बदलून नग टेबलाच्या पार कडेला, तिच्यापासून हातभर लांब ठेवला, आणि जायला वळले.

बाकीच्यांचे हात कामावर होते, पण शेडमध्ये तार गुंडाळायची एकही चरखी फिरत नव्हती.

जयमालानं त्या नगाकडं पाहिलं. नुसता हात लांबवला असता तर पोचला असता. काम झालं असतं, सहीही खरी झाली असती.

"काकासाहेब," ती म्हणाली. "हातात द्या."

ते थांबले.

"टेबलावर न्हाई. माझ्या हातात द्या."

तिनं तळहात उघडून पुढं धरला. काकासाहेबांनी एकदा रतनबाईंकडं पाहिलं, एकदा देवाच्या फळीकडं. मग टेबलाच्या कडेचा नग त्यांनी उचलला आणि तसेच उभे राहिले, दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवून.

जयमालानं हात मागं घेतला नाही.